कावीळ, सोमवारची डोकेदुखी आणि दारूगोळा

दवाखान्यात केसपेपर काढताना नाव, वय आणि पत्ता लिहिला जातो. त्याखाली 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. तो बहुतेक वेळा रिकामाच राहतो, किंवा त्यात 'नोकरी', 'मजुरी' एवढंच लिहिलेलं असतं. नोकरी कसली, हाताला रोज काय लागतं, नाकात काय जातं, हे ना पेशंट सांगतो ना डॉक्टर विचारतात.

बर्नार्दिनो रामाझिनी या इटलीतल्या डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. पेशंटला जे प्रश्न आपण नेहमी विचारतो त्यात 'तू काम काय करतोस?' हा प्रश्न जोडा, असं त्याने इतर डॉक्टरांना सांगितलं. म्हणूनच त्याला व्यावसायिक आरोग्यशास्त्राचा जनक मानतात. या प्रश्नाचं उत्तर वेळेवर न लिहिल्यामुळे किती माणसं गेली आणि लिहिल्यावर किती वाचली, हे एका उद्योगाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं. तो उद्योग म्हणजे सरकारच्या संरक्षण खात्याचे दारूगोळ्याचे कारखाने. आजचा लेख त्यांच्याबद्दल आहे.

हे कारखाने आपल्यापासून लांब नाहीत

भारतातल्या सरकारी शस्त्रनिर्मितीची सुरुवात १८०१ साली कोलकात्याजवळच्या काशीपूरला तोफांचे गाडे बनवण्यापासून झाली. महाराष्ट्रात १८६९ साली पुण्याजवळ खडकीला अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, खडकीतच उच्च स्फोटकांचा कारखाना आला. आज देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, नागपूरचं अंबाझरी, भंडारा, चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावती अशा अनेक ठिकाणी ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या कारखान्यांची कंपनी 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' आहे आणि तिचं मुख्यालय पुण्यात आहे.

सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर. आपल्याकडे आयटीआय किंवा अ‍ॅप्रेंटिसशिप केलेली मुलं या कारखान्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवून असतात. 'डेंजर बिल्डिंग वर्कर' हे पदाचं नावच सांगतं की काम कुठे आणि कसलं आहे.

या कामात धोके दोन प्रकारचे असतात. पहिला स्फोटाचा. तो एका क्षणात होतो, आवाज होतो, बातमी येते. दुसरा विषाचा. तो कातडीतून आणि श्वासातून हळूहळू आत जातो, त्याचा आवाज होत नाही आणि कित्येकदा घरच्यांना तो साधा आजार वाटतो. पहिल्या धोक्यासाठी नियम फार लवकर झाले. दुसऱ्याला ओळखायला मात्र डॉक्टरांची गरज लागली.

पिवळे हात

टीएनटी, म्हणजे ट्रायनायट्रोटोल्युइन, हे पिवळसर रंगाचं स्फोटक. ते सहजासहजी फुटत नाही, वितळवून तोफगोळ्यात ओतता येतं, म्हणून लष्कराच्या सोयीचं. पहिल्या महायुद्धात, १९१५ नंतर, ब्रिटनमध्ये हजारो स्त्रिया तोफगोळे भरण्याच्या कामाला लागल्या. पुरुष आघाडीवर गेले होते. काही आठवड्यांत या बायकांचे हात आणि चेहरे पिवळे पडू लागले, केसांवर तांबूस झाक आली. लोक त्यांना 'कॅनरी' म्हणू लागले. कॅनरी म्हणजे एक पिवळा पक्षी.

कातडीला लागलेला रंग वेगळा आणि कावीळ वेगळी. रंग काम सोडल्यावर निघून जायचा. पण काही जणींच्या डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा झाला, भूक गेली, उलट्या सुरू झाल्या, झोप वाढली आणि पुढे शुद्ध हरपली. ही लिव्हरची कावीळ होती. टीएनटीने लिव्हरच्या पेशी मरत होत्या. काहींच्या बाबतीत रक्त तयार करणारा हाडांतला मगज निकामी होऊन तीव्र अ‍ॅनिमिया होत होता. याशिवाय रक्तातलं हिमोग्लोबिन बदलून ओठ आणि नखं निळसर दिसायची.

अ‍ॅग्नेस लिव्हिंगस्टोन-लिअरमंथ आणि बार्बरा मार्टिन कनिंगहॅम या दोन स्त्री डॉक्टरांनी कारखान्यातल्या बायकांची लक्षणं बारकाईने नोंदवली आणि १९१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने कामामुळे झालेली विषारी कावीळ सरकारला कळवणं बंधनकारक केलं. कळवण्याची सक्ती झाली तेव्हा आकडा समोर आला. युद्धाच्या त्या वर्षांत अशा काविळीचे सुमारे चारशे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले शंभराहून अधिक दगावले. तोपर्यंत प्रत्येक घरात ती एक वेगळी, सुटी कावीळ होती.

विष शरीरात कसं जातं याबद्दलही आधी चुकीची समजूत होती. धूळ नाकातोंडातून जाते, तेव्हा तोंडाला फडकं बांधलं की झालं, असं वाटत होतं. पुढे लक्षात आलं की टीएनटी कातडीतून मोठ्या प्रमाणात शोषलं जातं. घाम आला की ते आणखी वेगाने जातं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली काम करणाऱ्याला हे किती लागू होतं, ते वेगळं सांगायला नको.

मग उपाय बदलले. हाताने भरण्याऐवजी बंदिस्त यंत्रं आली. धूळ ओढून घेणारे पंखे बसले. एका माणसाला सतत त्याच खोलीत न ठेवता आलटून-पालटून काम दिलं गेलं. कामाचे कपडे वेगळे, ते कारखान्यातच धुवायचे, घरी न्यायचे नाहीत. जेवणाआधी हात-तोंड धुवायची सोय झाली. आणि डॉक्टरांची नियमित तपासणी, त्यात जरा संशय आला तरी त्या कामातून बाजूला काढायचं. युद्धाच्या शेवटच्या वर्षी, १९१८ साली, काविळीचे रुग्ण झपाट्याने कमी झाले, मात्र त्यासाठी कुठलं नवं औषध निघालेलं नव्हतं. फरक पडला तो काम करण्याची पद्धत बदलल्यामुळे.

तेव्हा कामगारांना भरपूर दूधही पाजलं जाई. आपल्याकडे धुळीत काम करणाऱ्यांना गूळ देण्याची पद्धत आहे, तसंच हे. दूध किंवा गूळ खाण्यात काही वाईट नाही. पण त्याने टीएनटी लिव्हरपर्यंत पोचायचं थांबत नाही आणि फुफ्फुसात गेलेली धूळ बाहेर येत नाही. वाटी गुळाची असो की पेला दुधाचा, तो पंख्याची किंवा बंद यंत्राची जागा घेऊ शकत नाही.

नारिंगी धुराचा माग

अमेरिका युद्धात उतरण्याआधीच तिथले कारखाने युरोपसाठी स्फोटकं बनवत होते. अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरांना सरकारने तिथल्या कामगारांच्या आजारांची पाहणी करायला पाठवलं. अडचण अशी होती की कारखाने गुप्त, त्यांची यादीच मिळेना. तेव्हा त्यांनी आकाशात नारिंगी-पिवळा धूर कुठे दिसतो ते बघत कारखाने शोधले आणि पिवळ्या पडलेल्या कामगारांशी बोलून माहिती काढली. १९१७ साली त्यांचा अहवाल निघाला. त्यात कामामुळे विषबाधा झालेल्या दोन हजारांहून अधिक जणांची नोंद होती.

तो नारिंगी धूर नायट्रिक अ‍ॅसिडचा. बहुतेक स्फोटकं बनवताना नायट्रिक अ‍ॅसिड लागतं आणि ते सांडलं किंवा जास्त तापलं की नायट्रोजनचे ऑक्साइड वायू निघतात. हा वायू फसवा आहे. श्वासात गेल्यावर थोडा खोकला येतो, घशात जळजळ होते, मग बरं वाटतं. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. काही तासांनी, कधी मध्यरात्री, फुफ्फुसात पाणी भरू लागतं आणि दम लागतो. म्हणून असा धूर छातीत गेलेल्याला 'आता ठीक आहे ना, जा घरी' असं म्हणून सोडायचं नसतं. त्याला हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली ठेवावं लागतं. सोलापूरच्या एमआयडीसीतला केमिकलचा कारखाना असो की दागिने अ‍ॅसिडने साफ करणारं छोटं दुकान, नियम तोच.

वजन कमी करणारं स्फोटक

फ्रान्सच्या दारूगोळा कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाचा पिवळा पदार्थ स्फोटकांत मिसळला जाई. तिथले कामगार वजनाने घटत, त्यांना प्रचंड घाम येई, अंगात ताप चढे आणि काही जण त्या तापातच मरत. कारण हा पदार्थ शरीरातल्या पेशींची ऊर्जा साठवायची यंत्रणाच बिघडवतो. अन्नातली ऊर्जा कामाला न येता नुसती उष्णता होऊन बाहेर पडते.

हे माहीत असूनही १९३३ साली अमेरिकेत वजन कमी करण्यासाठी याच पदार्थाच्या गोळ्या आल्या. लोकांनी भरभरून घेतल्या. मग मोतीबिंदू आणि मृत्यूच्या नोंदी वाढल्या आणि १९३८ च्या कायद्यानंतर त्या गोळ्या बंद झाल्या. तरीही आज 'डीएनपी' या नावाने तो इंटरनेटवर विकला जातो आणि ब्रिटनमध्ये त्यामुळे अनेक तरुणांचे जीव गेले आहेत. जिममध्ये कोणी 'फॅट बर्नर' म्हणून पिवळी कॅप्सूल दिली तर हा इतिहास आठवा. यावर उतारा नाही.

सोमवारची डोकेदुखी

आता एका ओळखीच्या औषधाबद्दल. हृदयविकाराच्या अनेक पेशंटच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते. तिच्यातलं औषध नायट्रेट गटातलं. त्या गटातलं सर्वात जुनं औषध नायट्रोग्लिसरीन, आणि डायनामाइटमधलं स्फोटकही तेच.

अस्कानिओ सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ साली ते तयार केलं. जिभेला किंचित लावून पाहिलं तर डोकं जबरदस्त दुखू लागलं. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली त्याचं डायनामाइट बनवलं. त्याआधी १८६४ साली स्टॉकहोमजवळच्या स्फोटात त्याचा धाकटा भाऊ एमिल मरण पावला होता. १८७९ साली लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरने नायट्रोग्लिसरीन अगदी थोड्या प्रमाणात छातीतल्या कळेवर देऊन पाहिलं आणि ते लागू पडलं. पुढे खुद्द नोबेललाच हृदयाचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला हेच औषध लिहून दिलं.

याच्या कारखान्यातल्या कामगारांना एक अनुभव नेहमी येई. नायट्रोग्लिसरीन कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. डोक्यातल्या वाहिन्या फुगल्या की डोकं ठणकतं. चार दिवस काम केलं की शरीराला सवय होते आणि डोकेदुखी थांबते. रविवारची सुट्टी झाली की सवय मोडते आणि सोमवारी पुन्हा डोकं दुखतं. ही झाली 'सोमवारची डोकेदुखी'. ती टाळायला काही कामगार सुट्टीतही थोडं नायट्रोग्लिसरीन टोपीच्या पट्टीला लावून ठेवत, म्हणजे सवय टिकून राही.

आपल्या सोलापूरला सोमवारचा असाच एक आजार माहीत आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथे सूतगिरण्या आणि कापड गिरण्या चालल्या. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळून येते, पुढचे दिवस थोडी मोकळी वाटते. हा बिसिनोसिस. कारण वेगळं, पण दोन्हीकडे शरीर एकच गोष्ट सांगतं. सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर गेलं की त्रास होतो, तर दोष कामाच्या जागेत शोधा.

नायट्रोग्लिसरीनच्या बाबतीत मात्र सुट्टीसुद्धा धोक्याची ठरू शकते. रोज सैल राहायची सवय लागलेल्या रक्तवाहिन्या, ते रसायन अचानक मिळेनासं झालं की उलट आवळतात. १९७२ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील एका लष्करी दारूगोळा कारखान्याच्या नऊ कामगारांची माहिती प्रसिद्ध झाली. कामापासून दूर असताना त्यांना छातीत दुखत होतं, काहींना हार्ट अ‍ॅटॅकही आला, आणि त्यांच्या हृदयाच्या वाहिन्यांत नेहमीसारखे चरबीचे अडथळे नव्हते. 'शनिवार-रविवारी छातीत दुखतं, सोमवारी कामावर गेलं की बरं वाटतं' असं कोणी सांगितलं तर ऐकणाऱ्याला ते कामचुकारपणाच्या उलटं, विचित्र वाटेल. काम काय आहे हे माहीत असेल तरच त्याचा अर्थ लागतो.

याच सवयीमुळे आम्ही नायट्रेटच्या गोळ्या देताना दिवसातले काही तास औषधाशिवाय जातील अशा वेळा ठरवतो. सतत दिल्या तर त्यांचा उपयोग कमी होतो. मात्र त्या वेळा तुम्ही स्वतः बदलू नका आणि गोळ्या एकदम बंद करू नका.

मालक खुद्द सरकार असेल तेव्हा

खासगी कारखान्यावर सरकारी इन्स्पेक्टर लक्ष ठेवतो. पण कारखाना सरकारचाच, तोही संरक्षण खात्याचा, आणि काम गुप्त, तर तिथे कामगारांच्या तब्येतीकडे कोणी बघायचं?

भारतात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ सालचा. कामामुळे होणाऱ्या काही आजारांना भरपाई देणारा कायदा १९२३ साली आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा झाला. केंद्र किंवा राज्य सरकारच्या मालकीच्या कारखान्यांनाही हा कायदा लागू राहील, असं त्याच्या ११६ व्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं. लष्कराची फिरती पथकं वगळली होती, ऑर्डनन्स फॅक्टऱ्या नाहीत.

याच कायद्यात कळवायच्या आजारांची यादी होती. शिसं आणि पाऱ्याची विषबाधा, नायट्रस धुराची बाधा, बेन्झीन व त्याच्या नायट्रो संयुगांची बाधा, विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ, विषारी अ‍ॅनिमिया, बिसिनोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा हे सगळं त्यात होतं. १९१६ साली ब्रिटनमध्ये त्या बायकांच्या काविळीची नोंद सुरू झाली, त्याच परंपरेतली ही यादी. ८९ व्या कलमानुसार असा आजार आढळला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही तो मुख्य कारखाने निरीक्षकांना कळवायचा असे. म्हणजे ही जबाबदारी कारखान्याच्या हॉस्पिटलपुरती नाही, गल्लीतल्या डॉक्टरचीही आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली कायद्यात भर पडली. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची कामाला लागण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने तपासणी करणं, आरोग्याच्या नोंदी ठेवणं, सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेणं, धोक्याची माहिती कामगारांना देणं हे बंधनकारक झालं. २०२० साली संसदेने या विषयावरचे जुने कायदे एकत्र करणारी संहिता मंजूर केली. तिच्यातही आजार कळवण्याची तरतूद आहे.

स्फोटापासून बचावाचे नियम मात्र या कारखान्यांत जुने आणि कडक आहेत. स्फोटकांच्या इमारती एकमेकींपासून लांब आणि मध्ये मातीचे उंच बांध असतात, म्हणजे एकीत स्फोट झाला तर दुसरी पेटू नये. एका इमारतीत एका वेळी किती माणसं आणि किती किलो माल राहील, याची मर्यादा ठरलेली असते. आत जाताना काडेपेटी, विडी, मोबाइल बाहेर ठेवायचे. कपडे, बूट बदलायचे. ठिणगी न पाडणारी अवजारं वापरायची. हा मोजका माल आणि मोजकी माणसं ठेवण्याचा नियम म्हणजे स्फोट होऊ शकतो हे आधीच मान्य करून केलेला हिशेब आहे.

हा हिशेब चुकला की काय होतं, ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ ला पाहिलं. 'फोर्ट स्टिकिन' या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही भरल्या होत्या. कापूस आतल्या आत धुमसतो हे गिरणीतला कोणीही सांगेल. व्हिक्टोरिया डॉकमध्ये त्या जहाजाला आग लागली आणि दोन प्रचंड स्फोटांत शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले ६६ जवान त्यात होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात.

नियम आहेत, तरी

३१ मे २०१६ ला वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात आग लागून १९ जण मृत्युमुखी पडले. त्यांत दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवणारे कर्मचारी होते. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळच्याच मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करायला नेला असता स्फोट झाला आणि सहा जण गेले. मृतांत बहुतेक आसपासच्या गावांतले, ठेकेदाराने आणलेले मजूर होते. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या जवाहरनगर ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट होऊन इमारत कोसळली आणि आठ कामगारांचा जीव गेला.

ठेक्यावरच्या मजुराचा मुद्दा डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. कायम कामगाराची तपासणी होते, फाइल असते, युनियन असते. ठेक्याचा मजूर आज पेट्या उचलतो, उद्या ऊसतोडीला जातो. सहा महिन्यांनी त्याला कावीळ झाली किंवा रक्त कमी झालं तर तो गावातल्या डॉक्टरकडे जाणार. तिथे केसपेपरवर 'मजुरी' लिहिलं जाणार. स्फोटात गेलेल्यांची गणती होते, विषाने गेलेल्यांची अशी सुटून जाते.

संरक्षण खात्याबाहेर परिस्थिती आणखी नाजूक असते. १ जानेवारी २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, बार्शी तालुक्यातल्या पांगरी-शिराळे परिसरातील फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि तिथे काम करणाऱ्या महिलांचा मृत्यू झाला. मातीचे बांध, माणसांची आणि मालाची मर्यादा, कपडे बदलायची खोली हे शब्द फटाके भरणाऱ्या बाईच्या कानावरही यायला हवेत.

तुम्ही काय करायचं?

तुम्ही किंवा घरातलं कोणी स्फोटकं, फटाके, अ‍ॅसिड, रंग किंवा इतर रसायनांच्या कामात असाल तर पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

१. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी काम नेमकं सांगा. 'फॅक्टरीत आहे' एवढं पुरत नाही. 'भट्टीवर टीएनटी वितळवतो', 'पावडर भरतो' असं सांगा. गुप्ततेची अट असेल तर कारखान्यातल्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या. ज्या रसायनाशी संबंध येतो त्याचं नाव पुरेसं आहे.

२. नोकरीला लागण्याआधी हिमोग्लोबिन, लिव्हरच्या तपासण्या, डोळे आणि कान तपासून घ्या आणि रिपोर्ट जपून ठेवा. पुढे काही बिघडलं तर तुलना करायला तेच कामी येतात. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी टीएनटीने फुटू शकतात. कमतरता आहे हे माहीत असेल तर ते आधीच सांगा.

३. डोळे पिवळे होणं, लघवी गडद किंवा लालसर होणं, ओठ-नखं निळसर दिसणं, भूक जाणं, चढताना दम लागणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. काविळीसाठी झाडपाला किंवा गळ्यात माळ घालून आठवडे घालवू नका. टीएनटीची कावीळ पहिल्या काही महिन्यांत येऊ शकते, काम सोडल्यानंतरही येऊ शकते.

४. नारिंगी धूर छातीत गेला तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटलमध्ये जा आणि तिथे काय झालं ते सांगा.

५. त्रास कामाच्या दिवशी वाढतो की सुट्टीत, हे महिनाभर कॅलेंडरवर लिहून ठेवा. असा कागद डॉक्टरला महागड्या तपासणीइतका उपयोगी पडतो.

६. नायट्रोग्लिसरीनशी संबंध येत असेल तर दारू पिऊ नका आणि पुरुषांच्या 'ताकदीच्या' गोळ्या घेऊ नका. बीपी एकदम खाली जाऊ शकतं. टीएनटीच्या कामातही दारूने लिव्हरवरचा ताण वाढतो.

७. कामाचे कपडे घरी आणू नका. आणावेच लागले तर वेगळ्या पिशवीत आणा आणि वेगळे धुवा. नाहीतर ती धूळ बायको-मुलांच्या कातडीला लागते.

८. टीएनटीवर बरीच वर्षं काम केलेल्यांना डोळ्याच्या भिंगाच्या कडेला मोतीबिंदू होऊ शकतो. सुरुवातीला नजर चांगली असते, म्हणून तो कळत नाही. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळे तपासून घ्या.

९. हातमोजे आणि मास्क वापराच, पण ते बचावाची शेवटची पायरी आहेत. आधी बंद यंत्र, मग धूळ ओढणारा पंखा, मग कामाची पाळी, आणि त्यानंतर मास्क. पंखा बंद पडला असेल तर सुरक्षा समितीतल्या तुमच्या प्रतिनिधीला सांगा आणि लेखी नोंद करा.

कामामुळे आजार झाला असं डॉक्टरने लिहून दिलं तर नोकरी जाईल, ही भीती पुष्कळांना असते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ते लिहिलंच गेलं नाही तर भरपाई मागायला आधार राहत नाही आणि तुमच्या शेजारी उभा राहून तेच काम करणाऱ्यालाही कोणी सावध करत नाही. टीएनटीची कावीळ आटोक्यात आली ती आजाराशेजारी काम लिहिलं गेलं तेव्हापासून. पुढच्या वेळी केसपेपर काढताना तो व्यवसायाचा रकाना तुम्ही स्वतः भरून घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. त्रास होत असेल तर प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवून सल्ला घ्या.)